पाऊण गाडा

१

“तुझ्या भावाला बंद कुलपं उघडता येतात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आम्ही काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसलोय?”

शाळेच्या मोठ्या बाई बोलत होत्या चिमणीशी, पण बघत होत्या कानसकडे.

कानस हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो किल्ल्यांच्या दुकानात कामाला होता आणि हे नाव तिथल्या मालकांनी ठेवलेलं. म्हणायचे, पोरगा कानशीसारखा आहे, हात लावला की खरचटतं. वय सतरा. शाळा सोडून दोन वर्षं झालेली. आज हातातली अर्धी घासलेली किल्ली तशीच खिशात टाकून तो धावत आला होता, कारण शाळेचा निरोप होता की बहिणीनं घोळ घातलाय आणि त्यात तुझंही नाव आहे.

“कुलपं मी दुकानात उघडतो,” तो म्हणाला. “ज्याचं कुलूप तो समोर उभा असतो तेव्हा.”

“आवाज खाली.”

“खालीच आहे. वर गेला की कळेल तुम्हाला.”

चिमणीनं मागून त्याचा सदरा ओढला. तो गप्प बसला. या जगात त्याला गप्प बसवणारी एवढी एकच व्यक्ती होती. चौदा वर्षांची, दोन वेण्यांची, नववीची मॉनिटर. आज ती जमिनीवरच्या एकाच फरशीकडे बघत होती.

घोळ असा होता. नववीतल्या मुलांनी तीन महिने एक वही लिहिली होती. भाषेचे सर वर्गात काय काय करतात त्याची. कोणत्या तारखेला अर्धा तास फोनवर बोलत बसले, कोणाला डस्टर फेकून मारलं, कोणाला बाकावर उभं करून काय ऐकवलं. रोज वेगळ्या मुलानं लिहायचं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. ही अक्कल चिमणीची. तक्रार वर गेली. आज चार वाजता तीन जणांची कमिटी येणार होती. चिमणीच्या वडिलांनाही बोलावलं होतं. शनिवारी दुपारी चिमणीनं वही बाईंच्या हातात दिली, बाईंनी ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आज सोमवारी कपाट उघडलं तर वही जागेवर होती, कव्हर तेच होतं, आतली पानं मात्र कोरी. एक अक्षर नाही.

“कपाटाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये,” बाई म्हणाल्या. “शनिवार-रविवार मी बहिणीकडे गेले होते, पर्स माझ्या खांद्याला. दुसरी शिपाईकाकांकडे. आता तिसरी कोणी केली, ते तूच सांग.”

“मी कशाला करीन? वही माझ्या बहिणीनं लिहून घेतलीय. मला ती हवी असेल की नकोशी?”

बाई जरा थांबल्या. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पण थांबणं त्यांना परवडत नव्हतं. “मग असं समजू का, की वहीत कधी काही नव्हतंच? मी शुक्रवारी स्वतः दोन पानं वाचली, म्हणून एवढं तरी ऐकून घेतेय. कमिटी माझ्या शब्दावर चालणार नाही. चारपर्यंत वही आली नाही तर ही खोटी तक्रार. मग हिचा दाखला मी हिच्या हातात ठेवणार. दुसरी शाळा बघा.”

भांडणात शेवटचा शब्द स्वतःचा ठेवल्याशिवाय न झोपणारी चिमणी, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. कानसला ते खटकलं. पण राग आला की माणसाचे डोळे आधी आंधळे होतात, तसं झालं त्याचं. खटकलेलं तिथंच राहिलं.

“चारपर्यंत ना?” तो म्हणाला. “मला आधी कुलूप बघू द्या.”

२

शिपाईकाकांनी कपाटापाशी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “गाड्या, तू होय? केवढा उंच झालास रे.”

“त्या नावानं हाक मारायची नाही.”

काकांनी जीभ चावली. जुडग्यातली कपाटाची किल्ली वेगळी करून त्याच्या तळहातावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरले.

कानसनं किल्ली उजेडात धरली. ती त्याच्याच दुकानातली होती, महिन्यापूर्वी त्यानंच घासलेली. दात्यांच्या कडांवर पितळेचा बारीक कीस अजून चिकटलेला. किल्ली एकदा जरी कुलपात फिरली तर हा कीस झडतो आणि पाठीवर दोन रेघा उठतात. हिच्या पाठीवर एकही रेघ नव्हती. काकांनी ती अजून वापरलीच नव्हती. मग त्यानं कुलपाच्या तोंडाला डोळा लावला. तारेनं उघडलेल्या कुलपाचं तोंड आतून खरवडलेलं असतं. हे स्वच्छ होतं. आणि तिसरी किल्ली झाली असती तर ती त्याच्याच दुकानात, त्याच्या डोळ्यांसमोर झाली असती. दोन वर्षांत त्यानं हजारभर कुलपं पाहिली असतील. माणूस थापा मारतो, कुलूप मारत नाही.

शनिवारी दुपारपासून आज सकाळपर्यंत हे कपाट कोणी उघडलंच नव्हतं.

मग बंद कपाटातून वही गेली कशी?

मधली सुट्टी झाली होती. नववीचा वर्ग जिन्याच्या डाव्या अंगाला, तोच, तिथंच. दाराशी त्याचे पाय जरा अडखळले. खिडकीजवळचा चौथा बाक त्यानं मुद्दाम पाहिला नाही.

संशय घ्यावा असा एक मुलगा वर्गात होता. त्याला सगळे पोपट म्हणायचे, कारण तो धडा असा घडाघडा वाचायचा की मध्ये श्वास घेतो की नाही कळू नये. सरांचा लाडका. वही गायब झाली तर सरांचा फायदा, आणि सरांचा फायदा तो पोपटाचा, असा कानसचा सरळ हिशेब. त्यानं पोपटाला भिंतीशी गाठलं आणि विचारलं, शनिवारी दुपारी कुठं होतास.

पोपट घाबरला नाही, उलट दुखावला. म्हणाला की वहीतले चार दिवस त्यानंच लिहिलेत. सर त्याचं कौतुक करतात ते त्याला नकोच असतं, कारण कौतुक करून ते लगेच दुसऱ्या कोणाला तरी उभं करतात, आणि मग त्या दुसऱ्याची वाट लागते. “मी खरं तेच लिहिलंय,” तो म्हणाला. “कोणालाच सोडलं नाही. अगदी कोणालाच.”

“वही दिसायला कशी होती?”

“निळी. शंभर पानी. एक कोपरा फाटका, तो माझ्याकडूनच फाटला.”

“कव्हर?”

“कव्हर कुठलं? उघडीच होती.”

कानसनं हे मनात ठेवलं. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरची एक बारकी मुलगी दिसली. सुट्टी होती, सगळे बाहेर, आणि ही पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवून बसलेली. बोट हलत नव्हतं. ओठ हलत होते. ते बोट कानसच्या ओळखीचं होतं.

“ती बारा नंबर,” पोपट खाली आवाजात म्हणाला. “वाचताना अडते. महिनाभर झाला, ती कोणाशी बोलत नाही. सरांनी तिला आधी पाव दिला, मग अर्धा, आता पाऊणवर आलीय.”

“पाव काय?”

“पाव गाडा. सरांचं माप आहे ते. कोणी अडलं की सर टेबलावर टक करतात आणि सांगतात, हा पाव गाडा, हा अर्धा. सगळ्यांनी हसायचं. जो पूर्ण गाडा होईल त्यानं शाळा सोडून द्यायची, असं म्हणतात ते. अजून कोणी पूर्ण झालेलं नाही.”

कानसच्या कानांत घण पडल्यासारखं झालं. “गाडा म्हणजे काय रे?” त्यानं विचारलं. आवाज स्वतःचाच, पण लांबून आल्यासारखा.

पोपटानं खांदे उडवले. “माहीत नाही. किलो असतो, लिटर असतो, तसं असेल काहीतरी जुनं.”

३

सर स्टाफरूममध्ये एकटे होते. फोनवर काहीतरी बघून हसत होते. माणूस दिसायला वाईट नव्हता. कपडे इस्त्रीचे, केस नीट, उजव्या हाताच्या बोटात जाड अंगठी. कानसला वाटलं होतं, आत गेल्या गेल्या आपण त्यांची कॉलर धरू. दोन वर्षं तो झोपण्याआधी हे दृश्य मनात रंगवत आला होता.

“या,” सर म्हणाले. “कोणाचे पालक आपण?”

त्यांनी त्याला ओळखलं नाही.

कानस उभाच राहिला. ज्या माणसाचा आवाज रोज झोपेत ऐकू येतो, त्याला आपला चेहराही आठवू नये. त्यानं कशीबशी जुळवाजुळव करून सांगितलं की तो मॉनिटरचा भाऊ आहे आणि वहीबद्दल विचारायचंय. मध्येच शब्द सापडेना, म्हणून तो थांबला.

टक. सरांच्या अंगठीनं टेबलावर वाजवलं. सरांचं लक्ष फोनमध्येच होतं.

कानसची पाठ ताठ झाली. सतरा वर्षांचा झाला होता, मालकांच्या गैरहजेरीत अख्खं दुकान चालवत होता, आणि त्या एका आवाजासरशी तळहात ओले.

सर मोकळेपणानं बोलत होते. वही त्यांनी कशाला घ्यावी? उलट ती कमिटीपुढं यावी असंच त्यांना वाटत होतं. मुलांनी गमतीजमती लिहिल्या असतील. फोनचं म्हणाल तर एखाददुसऱ्या वेळी घेतला असेल, सगळेच घेतात. “ते गाड्याचं माप वाचून बाई शुक्रवारी काय हसल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मुलंही हसतात, तास हलका जातो. कमिटीपण हसेल बघा.”

“गाडा हे नाव आलं कुठून, सर?”

सरांनी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं, कपाळाला आठी घालून. “होता वाटतं कोणीतरी विद्यार्थी. वाचायला लागला की गाडं रुतायचं त्याचं. शाळा सोडून गेला. नाव नाही आठवत बुवा.”

या माणसानं वही घेतली नव्हती. ज्याला आपण काही वाईट केलंय हेच ठाऊक नाही, तो पुरावा कशाला चोरेल?

कानस दाराशी पोहोचला तेव्हा मागून सर म्हणाले, “बहिणीला सांगा, राग नाही माझा. हुशार आहे ती. वर्गात छान हसते.”

४

घड्याळात दीड वाजून गेला होता. कुलूप निर्दोष, शिपाईकाका निर्दोष, पोपट निर्दोष आणि सगळ्यात कहर म्हणजे सरही निर्दोष. म्हणजे वहीच्या चोरीपुरते.

कानस पुन्हा बाईंच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला की त्याला ती कोरी वही बघायचीय. बाईंनी नाक मुरडलं, पण ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली.

तपकिरी कागदाचं कव्हर. नीट, ताठ, घट्ट. कानसनं वही उचलली, आडवी केली आणि कव्हराची आतली घडी पाहिली. मग तो खुर्चीवर बसला. बाईंनी बस म्हटलं नव्हतं.

लहानपणी घरात डिंक कधी नसायचा. शाळा सुरू झाली की दोघांच्या वह्यांना कव्हरं कानसच घालायचा, कारण शाळेच्या सगळ्या कामांत एवढं एकच त्याला येत होतं. डिंक नाही म्हणून त्यानं एक घडी शोधून काढली होती. कागदाचा कान आधी दुमडायचा, मग तो पुठ्ठ्याखालून घेऊन स्वतःच्याच पोटात खोचायचा. कितीही ओढा, निघत नाही. ही घडी जगात दोन माणसांना येत होती. एक तो. दुसरीला त्यानं स्वतः शिकवली होती.

आता बाकीचं कुलपाच्या पिनांसारखं एकेक करून जागेवर बसायला लागलं. कपाट उघडलंच गेलं नव्हतं, म्हणजे आज जी वही बाहेर आली तीच शनिवारी आत गेली होती. पोपट म्हणाला, वहीला कव्हर नव्हतं.

“शुक्रवारी तुम्ही दोन पानं वाचलीत तेव्हा वही कशी होती?” त्यानं विचारलं.

“निळी. कोपरा फाटलेला.”

“आणि शनिवारी कव्हरात आली. तुम्ही उघडून पाहिलीत?”

“कशाला पाहू? आदल्या दिवशी तर वाचली होती.”

“बाई, वाचून झालेल्या वहीला कोणी कव्हर कशाला घालेल?”

बाईंचं तोंड उघडं राहिलं. कानसला त्यात गंमत वाटली नाही. त्यानं शेवटचं विचारलं. शुक्रवारी वाचताना बाई काय म्हणाल्या होत्या?

बाईंना आठवत होतं. विशेष काही नाही म्हणाल्या. गाड्याचं वाचून हसू आलं. मग चिमणीला सांगितलं की हे गाडा प्रकरण कमिटीला कळायचं नाही, तेव्हा सोमवारी तू उभी राहून सगळं नीट समजावून सांग. कोण, काय, कुठून आलं. तुझे वडीलही असतील, घाबरू नकोस.

कानस उठला. चोर सापडला होता. चोराला दोन वेण्या होत्या.

५

चिमणीला जेवायला घरी नेतो सांगून त्यानं तिला बाहेर काढलं. घरी आई आतल्या खोलीत झोपली होती. ती दवाखान्यात रात्रपाळीला असायची, म्हणून दुपारी या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची.

वही कुठं असेल याचा त्यानं वाटेतच विचार केला होता. चिमणीला त्याच्यापासून काही लपवायचं तर ती कुठं लपवेल? कपाट तो उघडतो, गाद्या तो घालतो. घरात एकच जागा होती जिथं त्याचा हात दोन वर्षांत गेला नव्हता. दारामागच्या खिळ्यावर त्याचं जुनं दप्तर लटकत होतं. त्यावर धुळीचा थर, आणि थरात चार लहान बोटांचे ठसे.

त्यानं पट्टा सोडला. निळी वही, कोपरा फाटका.

“दादा, नको,” चिमणी म्हणाली.

“बारा नंबर बघितलीस? पाऊणवर आलीय म्हणे. पूर्ण झाली की काय करायचं तिनं?” तो कुजबुजत ओरडला. “तीन महिने राबलीस आणि ऐन वेळी शेपूट घातलंस?”

“तुला माहीत नव्हतं ना, अजून तुझं नाव घेतात ते. दोन वर्षं झाली तरी. मुलांना वाटतं ते माप आहे. मला एकटीलाच माहितीय. मी बाबांसमोर उभी राहून काय सांगू, की गाडा म्हणजे तुमचा मुलगा?” तिचे डोळे भरून आले होते, पण हुंदका ती गिळत होती, आई उठेल म्हणून. “बाबांनी तुला मारलं होतं.”

ते खरं होतं. बाबा वखारीत वजनकाट्यावर बसायचे. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही, असा माणूस. कानसनं शाळा सोडतो म्हटलं तेव्हा कारण विचारलं, तर हा म्हणाला, कंटाळा येतो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बाबांनी आयुष्यात एकदाच पट्टा काढला तो त्या दिवशी.

कानस वही घेऊन उंबऱ्यावर बसला. इतरांना शब्द म्हणजे उघडं दार असतं, त्याच्यासाठी प्रत्येक अक्षर वेगळं कुलूप होतं. पण कुलपांचं आता त्याला भय नव्हतं. तो एकेक उघडत गेला. वेळ लागला. चिमणीनं एकदा मदतीला तोंड उघडलं, त्यानं हातानंच थांबवलं.

एका पानावर पोपटाचं टपोरं अक्षर होतं. आज सरांनी बारा नंबरला पाऊण गाडा दिला. ती रडली. सगळे हसले. पुढे अजून एक ओळ होती. कानसनं ती बोटानं तीनदा वाचली.

मॉनिटर पण हसली.

त्यानं मान वर केली. चिमणी भिंतीला टेकून खाली बसली होती, तोंड गुडघ्यांत.

म्हणजे बाबा हे एक कारण होतं. दुसरं हे.

“सगळे हसतात,” ती गुडघ्यांतूनच म्हणाली. “आपोआप येतं. मला कळायच्या आधी आलं. तुझं नाव होतं दादा, आणि मी हसले.” थोड्या वेळानं म्हणाली, “ते एक पान फाडू या. बाकी वही देऊ.”

कानसनं पान चिमटीत धरलं. फाडायला एक सेकंद पुरला असता. मग सोडून दिलं.

“बाबा काय म्हणतात? काट्यावर बोट ठेवायचं नाही,” तो म्हणाला. “आणि ऐक. मी चौथ्या बाकावर असताना सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं, माहितीय? मीच. मीच आधी हसलो की बाकीचे जरा कमी हसायचे.”

चिमणीनं डोकं वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“चल, तोंड धू. साडेतीन झाले.”

६

कमिटीतले तिघं लांब टेबलामागे बसले होते. मधले अध्यक्ष म्हातारे, कानात ऐकायचं यंत्र. सर एका बाजूला, निवांत. बाबा दाराजवळच्या बाकावर, वखारीतून तसेच आलेले, बाह्यांवर भुशाची धूळ.

कानसनं वही टेबलावर ठेवली.

“कुठं मिळाली?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“माझ्या दप्तरात.”

शब्द न् शब्द खरा होता. ज्याला त्यातून जो अर्थ काढायचा तो त्यानं काढावा. बाईंना दुपारी अर्धं कळलं होतंच, पण आता त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण हा अर्थ त्यांना सोयीचा होता. बाबांनी मान खाली घातली. चिमणी उठायला लागली, कानसनं तिच्याकडे असं पाहिलं की ती बसली.

अध्यक्षांनी पानं चाळली. “हे गाडा म्हणजे काय?”

“एक गमतीचं माप आहे,” सर म्हणाले, आणि थोडे हसले. दुसरं कोणी हसायच्या आत कानस बोलला.

“ते मी आहे.”

कानसनं बाबांकडे बघायचं टाळलं. म्हणाला, “मला वाचताना अडतं. दोन वर्षांपूर्वी याच वर्गात होतो. मी शाळा सोडली, नाव इथंच राहिलं. त्या नावानं आता दुसऱ्यांना मोजतात. मी एक पान वाचून दाखवू?”

अध्यक्षांनी वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं पोपटाचं पान काढलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. अनोळखी माणसांपुढं तो दोन वर्षांनी वाचत होता. आज, सरांनी, बारा, नंबरला. घाम कानामागून ओघळला. पाऊण, गाडा, दिला. ती, रडली. सगळे, हसले.

पुढची ओळ त्याला पाठ होती. पण तो थांबला.

“मॉनिटर,” तो म्हणाला, आणि पुन्हा, “मॉनिटर…”

दोन वर्षांपूर्वी तो अडायचा कारण पुढचं वाचता यायचं नाही. आज पुढचं येत होतं म्हणून अडला होता.

टक.

अंगठी टेबलावर वाजली. नेहमीसारखी, बारीक, एकदाच. अध्यक्षांचा हात कानातल्या यंत्राकडे गेला, त्यांना तो आवाज दुप्पट ऐकू आला असणार. सगळ्यांनी सरांच्या बोटाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं.

“हे कशासाठी वाजवलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

सवय, एवढंच सर म्हणाले. मग त्यांनी आज पहिल्यांदा कानसकडे नीट पाहिलं. “तू तिसऱ्या बाकावर बसायचास का रे?”

“चौथ्या.”

तेवढ्यात चिमणी उभी राहिली. “हसली,” ती म्हणाली. “मॉनिटर पण हसली, असं लिहिलंय. ती मॉनिटर मी. वही दादानं नाही घेतली, मी बदलली. ते वाक्य कोणी वाचू नये म्हणून. आणि गाडा म्हणजे कोण, हे बाबांना कळू नये म्हणून.” तिनं फ्रॉकवरचा मॉनिटरचा बिल्ला काढला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. मोठ्या बाई त्या बिल्ल्याकडे बघत राहिल्या. शुक्रवारी आपणही हसलो होतो, हे त्यांना आठवलं असावं, कारण त्या कोणालाच रागावल्या नाहीत.

अध्यक्षांनी फार वेळ घेतला नाही. चौकशी पुरी होईपर्यंत सरांनी कोणत्याही वर्गात पाऊल ठेवायचं नाही, तास उद्यापासून दुसऱ्या बाई घेतील. तक्रार खरी, मुलीचा दाखला काढायचा नाही. वही त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतली. सर उठले, फोन खिशात घातला, कानससमोर येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. त्यांचं पहिलंच वाक्य सुरू होईना. कानस वाट बघत उभा राहिला, पूर्ण वेळ दिला. त्यानं कुठं काही वाजवलं नाही. सर न बोलताच निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात बारा नंबर खांबाला धरून उभी होती. आत काय झालं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. चिमणी तिच्याजवळ गेली आणि त्याच खांबाला पाठ टेकून उभी राहिली.

बाबा बाकावरून उठले नव्हते. कानस दारातून बाहेर पडताना त्यांनी जरा सरकून बाकावर त्याच्यासाठी जागा केली. तो बसला नाही, पण पुढंही गेला नाही.

“कंटाळा येतो म्हणालास तू मला,” बाबा म्हणाले.

“हो.”

बाबांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर त्या हातांनी कोणाच्या मापात पाप केलं नव्हतं.

“मी तुला पट्ट्यानं मारलं होतं रे.”

कानसनं खिशातली अर्धी घासलेली किल्ली काढली, बघितली, परत ठेवली.

“बाबा, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय,” तो म्हणाला. “मला आता निघायला पाहिजे.”